तोंडाचे व्यायाम (ओरल मोटर थेरपी): कोणाला उपयोगी, कोणाला नुसताच खर्च?

वारजेकर_सानिका

नमस्कार मंडळी. एकाच घरातल्या दोन पेशंटना एकच उपाय सांगितला गेलाय आणि मी पुरती गोंधळलेय, म्हणून हा धागा.

पहिले पेशंट आमचे चिरंजीव, साडेचार वर्षांचे. बडबड अखंड, पण क आणि ग तोंडातून निघत नाहीत. काकाचा 'ताता', गाईची 'दाय'. परवा आजीकडे "दार पानी दे" म्हणून हट्ट चालला होता, आजी बिचारी उठून दार उघडायला गेली. खाण्यापिण्याची काही तक्रार नाही, चकली कडाकडा फोडतो. घराजवळच्या थेरपी सेंटरमध्ये सांगितलं की तोंडाचे स्नायू कमजोर आहेत, ओरल मोटर थेरपी लागेल. म्हणजे शिट्ट्या, स्ट्रॉने कापूस ओढणं, बुडबुडे, थरथरणारा ब्रश जिभेवरून फिरवणं, दोऱ्याचं बटण ओठांत धरून ठेवणं. दिवाळीपासून चालू आहे. शिट्टी झकास वाजवतो. क चा अजून त-च आहे.

दुसरे पेशंट माझे सासरे, वय ७१. गणपतीत पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय बरेच सुधारले, पण चहा पिताना ठसका लागतो. त्यांनाही घरी येणाऱ्या ताईंनी 'ओरल मोटर' असा मथळा असलेला एक कागद दिलाय: जीभ आतबाहेर, गाल फुगवणे, ओठांचा चंबू, आ-ई-ऊ. दिवसातून तीनदा.

माझी चुलत नणंद याच क्षेत्रात आहे, पण परदेशात. ती फोनवर म्हणाली, "पोराचं बंद कर, बाबांचं आधी तपासून घे." सेंटरवाल्या मॅडम म्हणतात मध्येच सोडलं तर केलेलं सगळं वाया जाईल. कोणाचं ऐकू? ही थेरपी आपल्या माणसाला लागू आहे की नाही हे ठरवतात तरी कसं?

बाजीराव_रोड

शिट्टी झकास वाजवतो म्हणजे निदान ट्रॅफिक हवालदार म्हणून करिअर पक्कं. पुण्यात गरजही आहे. (हलके घ्या.)

बाकी वाचतोय. आमच्या सोसायटीत तीन मुलं अशा क्लासला जातात आणि तिन्ही आया वेगवेगळं सांगतात.

बटव्यातल्या_आजी

अगं सानिका, जीभ जड असेल त्याची. वेखंड उगाळून मधातून चाटव सकाळी. आणि संध्याकाळी शुभंकरोती, रामरक्षा मोठ्याने म्हणून घे. आमची चारही मुलं अशीच बोलायला लागली, कुठला क्लास नि कुठलं काय.

कान_नाक_घसा

आजी, रामरक्षेला माझी पूर्ण संमती. वेखंडाला नाही. त्यात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं, प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते घातक ठरलंय. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर मुळीच नको.

सानिका, मुलाची श्रवणचाचणी झालीय का? बोलण्याची कुठलीही तक्रार असेल तर पहिली पायरी तीच. जन्मानंतर झालेली चाचणी धरू नका, आताची हवी. सर्दी वारंवार होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं. मूल हाकेला ओ देतं म्हणून घरात कोणाला शंका येत नाही, पण ध्वनींमधला बारीक फरक त्याच्यापर्यंत पोचत नसतो.

आणि लगेच कोणीतरी 'जिभेखालचा पडदा कापा' म्हणेल, म्हणून आधीच सांगतो. क आणि ग जिभेच्या मागच्या भागाने होतात. शेंड्याखालचा पडदा कापून ते येणार नाहीत.

वाचा_आणि_घास

मी स्पीच थेरपिस्ट आहे, हडपसर भागात काम करते. पेशंट न बघता निदान करता येत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण म्हणून वाचा.

बोलायला स्नायूंची ताकद फार थोडी लागते. ओठ जास्तीत जास्त जेवढा जोर लावू शकतात त्याच्या साधारण १० ते २० टक्केच. चकली फोडणाऱ्या मुलाकडे तेवढी ताकद असणारच. शिवाय 'कमजोर आहेत' हे कशावरून ठरवलं? मोजलं का? जिभेचा जोर मोजायचं यंत्र असतं, पण बहुतेक ठिकाणी नुसतं बघून आणि जीभ चमच्यावर ढकलायला लावून सांगतात. तुमच्या मुलाला कमी पडतोय तो नेमकेपणा, आणि तो त्या ध्वनीच्याच सरावाने येतो. शिट्टी वाजवताना आणि 'क' म्हणताना स्नायू तेच असले तरी मेंदूकडून येणारं काम वेगळं असतं.

फाटलेल्या टाळूच्या ऑपरेशननंतर हे स्पष्ट दिसतं. पूर्वी या मुलांना टाळू मजबूत व्हावा म्हणून फुंकर मारायला, फुगे फुगवायला लावत. फुंकताना टाळू नीट मिटतो आणि बोलताना हवा नाकातून जातेच, अशी मुलं मी स्वतः बघितली आहेत. वर्षभर फुगे फुगवून ती फक्त फुगे फुगवण्यात तरबेज होतात.

आता क-त बद्दल. प्रत्येक क चा त आणि प्रत्येक ग चा द, असं नियमाने होत असेल तर जिभेत दोष नाही, मुलाने ध्वनींची मांडणीच तशी करून घेतली आहे. साडेतीन-चारपर्यंत बहुतेकांचं आपोआप जातं. साडेचारला उरलंय म्हणजे थेरपी नक्की हवी, पण ती क-ग ची. आम्ही गार-दार, काप-ताप, कार-तार अशा चित्रांच्या जोड्या घेतो. मूल 'दार पाणी' म्हणालं की दाराचं चित्र त्याच्या हातात ठेवायचं. ते चिडतं, "हे नाही!" म्हणतं, आणि तिथून खरं काम सुरू होतं, कारण आपल्या बोलण्याने समोरचा फसला हे त्याला पहिल्यांदा जाणवतं.

क मुळीच निघत नसेल तर मुलाला उताणं झोपवतात, म्हणजे जीभ थोडी मागे पडते. किंवा जिभेचा शेंडा चमच्याने हलका खाली धरून 'का' म्हणायला लावतात. तोंडात चमचा गेला तरी हे वेगळं, कारण त्याच क्षणी ध्वनी निघतो आहे.

याउलट एकच शब्द तीन वेळा तीन तऱ्हेने येतो, स्वरही बदलतात, ओठ-जीभ जागा चाचपडतात असं दिसलं तर अप्रॅक्सिया आहे का ते बघावं लागतं. तिथे अडचण हालचालींच्या आखणीची असते, त्यामुळे ताकद वाढवून तिथेही काही साधत नाही.

सासऱ्यांबद्दल रात्री लिहिते, क्लिनिकला निघाले आहे.

मुक्ताई_धायरी

माफ करा, पण माझा अनुभव अगदी उलट आहे. माझी मुलगी चार वर्षांची असताना शब्दही धड नव्हते. अशाच सेंटरला घातलं, वर्षभर स्ट्रॉ, शिट्ट्या, जबड्याचे व्यायाम केले. आज शाळेत स्नेहसंमेलनाचं निवेदन करते. मी डोळ्यांनी बघितलंय, तेव्हा 'उपयोग नाही' असं सरसकट म्हणू नये.

शंकासुर

मुक्ताईताई, मुलगी छान बोलते याचा आनंदच आहे. पण त्या वर्षात ती वर्षाने मोठीही झाली. शाळेत जायला लागली असेल. आणि सेंटरमध्ये शिट्ट्यांसोबत बोलण्याचा सराव अजिबात नव्हता का? तीन गोष्टी एकत्र घडल्यावर श्रेय एकट्या शिट्टीला का?

याच कारणासाठी अभ्यास करतात. २०१५ मध्ये कॉक्रेनने (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) मुलांच्या उच्चारदोषांसाठीच्या अशा न-बोलता-करायच्या व्यायामांचा आढावा घेतला. निकषात बसणारे अभ्यास मिळाले ३. त्यांतली मुलं मिळून २२. निष्कर्ष: ठोस पुरावा नाही. आणि २००८ ची लॉफ-वॉटसन यांची अमेरिकेतली पाहणी सांगते की ८५ टक्के थेरपिस्ट हे व्यायाम वापरत होते. पुरावा एवढासा, वापर एवढा.

मुक्ताई_धायरी

२२ मुलांवरून 'उपयोग नाही' हेही सिद्ध होत नाही ना मग?

शंकासुर

बरोबर, होत नाही. पण उपयोग आहे हे दाखवण्याची जबाबदारी दर सेशनचे पैसे घेणाऱ्याची. ज्याच्या खिशातून जातात त्याने काय सिद्ध करायचं?

बाजीराव_रोड

"सिद्ध करा नाहीतर पैसे परत" अशी पाटी लावायला पाहिजे. पुण्यात पाट्यांना तोटा नाही.

औंधची_स्मिता

मीही थेरपिस्ट, विशेष मुलांसोबत काम करते. वाचा_आणि_घास यांच्याशी बहुतांशी सहमत, पण चित्र थोडं एकांगी होतंय.

माझ्याकडे डाउन सिंड्रोमची, सेरेब्रल पाल्सीची मुलं येतात. पाच वर्षांचं मूल अजून मिक्सरमधून काढलेलं खातंय, घास चावताच येत नाही, लाळ दिवसभर गळतेय, तोंडाजवळ चमचा आणला की मान फिरवतंय. त्याच्याबरोबर मी जबड्याला हाताने आधार देणं, दाढेवर चावायला रबरी नळी किंवा गाजराची लांब फोड धरणं, गालाला आतून स्पर्शाची सवय लावणं हे सगळं करते. हे ओरल मोटर नाही तर काय? फरक एवढाच की माझं ध्येय चावणं आहे. "याने तो बोलायला लागेल" असं मी आईला कधीच सांगत नाही. चावण्याच्या कामातून चावणं सुधारतं. पालक मात्र ऐकताना "आता बोलेल" हेच ऐकतात, आणि काही सेंटरवाले त्यांचा तो समज मोडत नाहीत.

दुसरं, लहान मुलाला खुर्चीत बसवायला मीही कधी दोन मिनिटं बुडबुडे काढते. पण तो खाऊ. पाऊण तासाच्या सेशनमध्ये अर्धा तास बुडबुडेच असतील तर विचारायला हवं.

निओनेटल_मम्मा

थोडं अवांतर. माझी जुळी ३१व्या आठवड्यात झाली. एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नळीने दूध होतं, तेव्हा सिस्टर आणि थेरपिस्ट दूध द्यायच्या आधी बोटाने गाल, ओठ, हिरड्या हलकेच चोळायच्या आणि चोखायला द्यायच्या. मला वाटायचं एवढ्याशा जिवाला कशाला त्रास. मग नळी लवकर सुटली. तेही यातच मोडतं का?

औंधची_स्मिता

हो, आणि त्यामागे अभ्यासही आहेत: मुदतीआधी जन्मलेली बाळं अशा उत्तेजनाने तोंडाने पूर्ण दूध घेण्यापर्यंत लवकर पोचतात असं दिसलंय. अभ्यास लहान आणि दर्जाने कमजोर, पण दिशा एकच. तिथेही बघा, ध्येय चोखणं आणि सरावही चोखण्याचाच.

वाचा_आणि_घास

आता सासरे.

सानिका, त्या कागदावर एक तरी ओळ 'का' याची आहे का? गिळताना ठसका लागणं हे लक्षण आहे, त्याची कारणं वेगवेगळी आणि प्रत्येकाचा व्यायाम वेगळा. ओठातून चहा ओघळतो का? घास गालात अडकून राहतो का? तसं असेल तर ओठ-गालांच्या कामाला अर्थ आहे. पण पाणी-चहालाच ठसका आणि भात सुरळीत जातो, असं असेल तर बहुधा गिळण्याची क्रिया उशिरा सुरू होते आणि पातळ पदार्थ त्याआधीच श्वासनलिकेकडे उतरतो. त्याला गाल फुगवून काय होणार?

हे नुसतं समोर बसून कळत नाही. दोन तपासण्या आहेत. एकात बेरियम मिसळलेले पदार्थ खायला देऊन एक्स-रेचा व्हिडिओ काढतात. दुसरीत नाकातून बारीक दुर्बीण घालून घशात बघतात, तिला फीस म्हणतात (पैशाची नव्हे). काही पेशंटना अन्न श्वासनलिकेत जातं तरी ठसकाच लागत नाही. ठसका थांबला म्हणजे बरं झालं असं म्हणूनच धरता येत नाही. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता होतो का, बारीक ताप येतो का, छातीत कफ वाढतो का, ते बघत राहा.

तपासणीत काय दिसतं त्यावर व्यायाम ठरतो. अन्ननलिकेचं वरचं दार नीट उघडत नसेल तर शेकर व्यायाम. उताणं झोपून, खांदे न उचलता फक्त डोकं वर करून पायाची बोटं बघायची: एक मिनिट धरून, एक मिनिट विश्रांती, असं तीनदा, मग न थांबता तीस वेळा वरखाली. हे सगळं दिवसातून तीन वेळा, सहा आठवडे. रेझा शेकर यांचं १९९७ चं संशोधन आहे. सत्तरीच्या माणसाला, त्यातून मानेचा स्पाँडिलायसिस असेल तर, हे झेपत नाही. मग बसूनच हनुवटीखाली रबरी चेंडू धरून दाबायचा पर्याय असतो. जिभेचा मागचा भाग घशाच्या भिंतीला टेकत नसेल तर जीभ दातांत हलकी धरून गिळायचा व्यायाम असतो, मसाको. तो फक्त थुंकी गिळून करायचा. तोंडात घास असताना केला तर घशात उरणारं अन्न वाढतं! घरचे उत्साहाने जेवतानाच करून घेतात, मी डोक्याला हात लावते.

हे आपणहून सुरू करू नका. सगळ्यांत चांगला गिळण्याचा व्यायाम गिळणं हाच आहे, फक्त त्या माणसाला सुरक्षित असेल ते आणि तेवढंच.

स्वारगेट_ते_स्वर्ग

माझ्या वडिलांना पार्किन्सन आहे. त्यांना एक लहान यंत्र दिलंय, आत स्प्रिंगची झडप आणि त्याविरुद्ध जोरात फुंकायचं. पाच-पाचचे पाच संच, आठवड्यातून पाच दिवस. खोकला जोरदार झाला, ठसके कमी झाले. वर तुम्ही म्हणता फुंकण्याचा उपयोग नाही. मग हे काय?

वाचा_आणि_घास

चांगला मुद्दा. ते श्वास सोडण्याच्या स्नायूंचं प्रशिक्षण आहे. रोध मोजून लावलेला असतो आणि ताकद वाढेल तसा वाढवतात, कारणही ठरलेलं: खोकला दमदार हवा आणि श्वासनलिकेचं रक्षण व्हावं. पार्किन्सनमध्ये त्याचे चांगले अभ्यास आहेत. तुळशीबागेतल्या शिट्टीत यातलं काही नसतं. रक्तदाब ताब्यात नसेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

त्यांचा आवाज बारीक झाला असेल तर मोठ्याने बोलण्याचा खास कार्यक्रम असतो, आठवड्यातून चार दिवस, चार आठवडे. त्यात फुंकणं नाही, फक्त मोठा आवाज.

कान_नाक_घसा

इथे एक इशारा द्यायलाच हवा. मायस्थेनियासारख्या आजारात स्नायू वापराने थकतात, तिथे जेवणाआधी व्यायाम करून घेतलात तर जेवताना हमखास ठसका. मोटर न्यूरॉनच्या आजारातही जोराचे व्यायाम जपून. म्हणजे निदान काय आहे हे माहीत नसताना छापील कागद हातात देणं हे नेहमीच निरुपद्रवी असतं असं नाही.

पर्वतीचा_पायथा

काकांना गालाचा कॅन्सर झाला, रेडिएशननंतर तोंड दोन बोटंही उघडेना. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. पहिले आठवडे डोळ्यांतून पाणी यायचं. रेडिएशन चालू असताना नळी असली तरी थोडं थोडं तोंडाने गिळत राहा, असं थेरपिस्टने बजावलं होतं, तेही पाळलं. आज भाकरी दुधात कुस्करून खातात. गुटखाबंदी २०१२ ची, टपरीवर पुड्या मात्र अजून लटकलेल्या.

बाजीराव_रोड

प्रश्न: चहा घट्ट करून द्या असं सांगतात म्हणे. आमच्याकडचा अमृततुल्य आधीच एवढा दाट असतो की चमचा उभा राहील. चालेल का?

वाचा_आणि_घास

काका, तो साखर-दुधाने दाट. घशात उतरताना तो पातळच. घट्ट करायला वेगळी पावडर मिळते, आणि घट्ट केलेला चहा कोणालाच आवडत नाही हे आधी सांगून ठेवते. पाणी कमी प्यायलं जातं, लघवी गडद होते, म्हणून घट्ट करणंही तपासून आणि गरज असेल तेवढेच दिवस.

त्याहून फसवे असतात ते दोन जातींचे पदार्थ: दूध-पोहे, चहात बुडवलेलं बिस्किट, पातळ वरणातला मोकळा भात. पातळ भाग पुढे पळतो आणि घन मागे राहतो. त्यापेक्षा गुरगुट्या भात किंवा नाचणीची दाटसर पेज बरी.

बटव्यातल्या_आजी

बिस्किट बुडवायचं नाही म्हणजे चहा प्यायचा तरी कशाला.

शंकासुर

आजींना +१. बाकी सगळं शास्त्र एकीकडे.

कोथरूडची_कामिनी

कोणीच पैशाचं बोलत नाहीये. आमच्याकडून एका सेंटरने तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ घेतलं, अहवाल मागितला तर 'प्रगती समाधानकारक' एवढं एका ओळीत. कोणता ध्वनी किती वेळा बरोबर येतो, सुरुवातीला किती होता, काही नाही.

थेरपिस्टचा आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. परिषदेच्या वेबसाइटवर तपासता येतो, कायदा १९९२ पासूनचा आहे. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून उठा. आणि पर्याय हवा असेल तर धनकवडीला भारती विद्यापीठात हा विषय शिकवतात, शिकवण्याच्या ठिकाणी घाई कमी आणि तपासणी सविस्तर असते.

औंधची_स्मिता

नोंदणी नसेल तर उठाच. पण नोंदणी असूनही शिट्ट्याच वाजवून घेणारे असतात, हे आमच्याच लोकांबद्दल नाइलाजाने लिहिते. पैसे भरण्याआधी एवढं विचारा: या व्यायामाने नेमकं काय बदलणार, ते कधी आणि कसं मोजणार, आणि बदललं नाही तर काय करणार? "स्नायू तयार होतील, मग बोलणं येईल" हे उत्तर नव्हे. हे 'मग' आलेलं मी पाहिलेलं नाही.

मुक्ताई_धायरी

जुनी फाइल काढून बघितली. दर सेशनला शेवटी 'शब्दचित्रं' आणि 'गोष्ट' असं लिहिलंय. म्हणजे बोलण्याचा सराव होताच. कशाने फरक पडला ते आता कोण सांगणार. तरी सेंटरच्या ताई प्रेमळ होत्या आणि मुलगी आनंदाने जायची, ते मी कमी लेखणार नाही.

वारजेकर_सानिका

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, मध्ये बरीच धावपळ झाली.

सासऱ्यांची दुर्बिणीची तपासणी झाली. हिरव्या रंगाचं पाणी प्यायला दिलं आणि स्क्रीनवर आम्हाला दिसलं: गिळायच्या आधीच ते घसरून खाली जातंय. दाट पदार्थ व्यवस्थित, घशात काही उरत नाही. ताकद ठीक आहे, वेळ चुकते, असं सांगितलं. कागदावरचे व्यायाम बंद. आता हनुवटी छातीकडे घेऊन छोटा घोट, स्ट्रॉ नाही, गप्पा मारत पिणं नाही. हनुवटी खाली घेऊन पाणी सुरक्षित जातंय हे तिथेच दुर्बिणीतून बघून मगच सांगितलं, सगळ्यांना ते लागू पडत नाही म्हणे. आणि दिवसातून दोनदा दात-जीभ स्वच्छ, कारण चुकून काही छातीत गेलंच तर सोबत जंतू कमी जावेत. हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. सासरे चहाला 'ड्युटी' म्हणायला लागलेत.

चिरंजीवांची श्रवणचाचणी नॉर्मल. दुसरी थेरपिस्ट शोधली. तिने पहिल्या दिवशी शिट्टी नाही, चित्रं काढली आणि नुसतं ऐकवलं: गार दाखव, दार दाखव. ऐकताना सगळं बरोबर, बोलताना सगळं दार. मग क शेवटी असलेले शब्द घेतले. नाक, चाक, एक. शेवटचा क आधी येतो म्हणाली, आणि खरंच 'नाक' आलं! काका अजून ताताच आहे, काका रोज फोन करून विचारतो.

जुन्या सेंटरला उरलेले पैसे मागितले. 'पॉलिसीत बसत नाही.'

वाचा_आणि_घास

नाक-चाक आलं म्हणजे जिभेला जागा सापडली. आता 'एक काका', 'नाक काप' असं जोडून घेतील बहुतेक, आधीच्या क चा फायदा पुढच्या क ला मिळतो. घरी दिवसभर दुरुस्त करत बसू नका. ठरलेली पाच-दहा मिनिटं, बाकी वेळ तो काय सांगतोय ते ऐका. आणि सासऱ्यांची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करा. झटक्यानंतर बऱ्याच जणांचं गिळणं सुधारतं, उगाच जन्मभर बंधनं नकोत.

स्वारगेट_ते_स्वर्ग

दुर्बिणीच्या तपासणीला उपाशी जावं लागतं का? वडिलांची पुढच्या आठवड्यात आहे.

वाचा_आणि_घास

सहसा नाही, खायला-प्यायला तर तिथेच देतात. पण दवाखान्यात एकदा विचारून घ्या. ते जेवताना जे नेहमी खातात त्यातलं थोडं डब्यात न्या, विशेषतः ज्याने ठसका लागतो ते. कवळी असेल तर ती घालूनच. आणि पार्किन्सनची गोळी किती वाजता घेतली ते लिहून न्या, गोळीचा असर असताना आणि नसताना गिळणं वेगळं दिसतं.